पोरीचा वली

कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. माळावरून चाललं की धोतराला कुसळं चिकटतात ना, तसे ते चिकटून येतात. घरी आल्यावर उपटत बसायचं!

मी निजामाच्या राजवटीत, आपल्या बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत तर्जुमान होतो. तर्जुमान म्हणजे दुभाष्या. साहेब उर्दूत बोलणार, रयत आपल्या बोलीत बोलणार, आणि मधे मी. कचेरी कुठली ते विचारू नका, सिंदफणेच्या काठी होती एवढं पुरे. साहेब म्हणजे तहसीलदार. हैदराबादहून आलेले, तरणेबांड, शेरवानीला कडक इस्त्री आणि लग्नाचा पत्ता नाही. माणूस मात्र सरळ होता, उगाच कुणाला खोटं कशाला बोलावं.

आवारात मोठं लिंबाचं झाड होतं, त्याला पार होता, आणि पारावर दोन माणसं कायमची बसलेली असायची. एक गोविंदराव वकील, दुसरे नदीपलीकडच्या गावचे दादाराव पाटील. दोघांचा एकच वाद. वकील म्हणायचे, पोर जन्मलं की ते अर्धं सरकारचं. त्याला टोचायचं कधी, शाळेत घालायचं कधी, लग्न कधी लावायचं, हे सरकारनं बघावं, आई-बापाला काय कळतं? पाटील म्हणायचे, सरकारनं सारा घ्यावा, रस्ता करावा, चोर धरावा आणि आमच्या उंबऱ्यापाशी जोडा काढून बाहेर उभं राहावं. आत यायचं काम नाही.

एका साली या वादाला एक खरीखुरी पोरगी सापडली. भागी तिचं नाव, सिरसाळ्याच्या बाजूची. मोठ्या तापाच्या साथीत तिचे आई-बाप पाठोपाठ गेले, तेव्हा ही अंगावर पिणारी. भावकी भीतीनं दार लावून बसली. त्या रस्त्यानं मेंढरं घेऊन चाललेल्या सुंदराबाई धनगरणीनं पोर उचलली आणि शेळीच्या दुधावर वाढवली. भागी मेंढरामागं पळण्याएवढी झाली, तोवर ती कुणालाच आठवली नाही. मग तिच्या बापाच्या, म्हणजे आता तिच्याच, रानातल्या विहिरीला पाणी लागलं, आणि चुलत्याला एकदम पुतणी आठवली! त्यानं अर्ज टाकला की पोरगी माझ्या ताब्यात द्या. जिल्ह्यावरून हुकूम आला, चौकशी करून पोरीचा फैसला करा.

झालं, पाराला चारा मिळाला. वकील म्हणाले, अनाथ पोर सरकारची, हैदराबादच्या यतीमखान्यात पाठवा, शिकेल तरी. पाटील म्हणाले, रक्ताचा चुलता जिवंत असताना सरकारचा काय संबंध? सुंदराबाईचं नाव कुणीच घेत नव्हतं. ती दर तारखेला भागीला घेऊन यायची, पाराच्या खालच्या अंगाला बसायची, आणि वरती आपल्या पोरीची वाटणी चाललेली ऐकायची.

एकदा तिनं मला हळूच विचारलं, "दुभाषेबाबा, नेतील का वो पोरगी?"

"न्हाई नेणार," मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो ते मला ठाऊक नाही, पण छाती काढून म्हणालो.

*

पाटलांचा उंबरा आमच्याकडं लई गाजलेला. एकदा सकाळी पाटील पारावर न बसता थेट साहेबांपुढं जाऊन उभे राहिले. तोंड उतरलेलं. त्यांची सून माहेरी गेलती, ती परत यायला तयार नव्हती. आषाढ सरला, पोळा झाला, तरी नाही. दोनदा माणूस पाठवला, तो जेवून परत आला. नातू पण तिकडंच. आता सरकारनं शिपाई पाठवावा आणि सून-नातवाला आणून घरी पोचवावं, अशी पाटलांची मागणी.

मी तर्जुमा करायच्या आतच मागून गोविंदराव वकील खाकरले. त्यांना असा दिवस पुन्हा कधी मिळणार होता! ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "पाटील, अहो, उंबरा?"

पाटील एक क्षणही थांबले नाहीत. म्हणाले, "त्यो उंबरा तिच्या बापाचा हाय, माझा न्हाई."

*

वकिलांचीही कधीतरी जिरायला पाहिजे ना? ती जिरली.

त्यांनी एक मोठी अर्जी केली होती, की जो बाप मुलांना शाळेत घालणार नाही त्याला सरकारनं कचेरीत उभा करावा. अर्जी साहेबांना पसंत पडली. त्यांनी सहज विचारलं, वकीलसाब, आपले स्वतःचे किती, आणि कोण कोणत्या इयत्तेत? वकिलांच्या घरात पोरांची रेलचेल. त्यांनी मोठ्या झोकात सुरुवात केली, मधेच एक नाव दोनदा घेतलं, मग धाकट्याला थोरल्याच्या इयत्तेत बसवलं आणि अडकले. शेवटी किसन चपराशाला म्हणाले, जा बे, घरून विचारून ये.

किसन गेला आणि आला. साहेबांपुढं हात जोडून त्यानं निरोप जसाच्या तसा सांगितला. "बाई म्हणतेत, समदी घरीच हैत. शाळंत घालाया बाप मोकळा पायजे, आन बाप हितं पारावर असतोय."

आता हा निरोप साहेबांना सांगायची ड्यूटी माझी. मी एक शब्दही गाळला नाही.

*

देवी टोचणारे इस्माईलभाई आमच्याच कचेरीला जोडलेले. भला माणूस, पण गावात शिरला की बाया लेकरं घेऊन रानात पळायच्या. कणगीत लपवलेली पोरं इस्माईलभाईंनी बाहेर काढलेली आहेत. त्यांना बघून आजवर कुणी हसलं म्हणून नाही.

तर एका आडगावात ते पहिल्यांदाच जायचे होते. टोचण्याला तेव्हा 'देवी काढणं' म्हणायचे, हे तुम्हाला माहीत आहे. आदल्या दिवशी गावात दवंडी फिरली, उद्या सरकारचा माणूस देवी काढायला येणार हो! गावानं यापूर्वी असलं काही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी ऐकलं ते आपल्या परीनं ऐकलं. सकाळी अख्खा गाव, बाया-बापे, काठ्या-कुऱ्हाडी घेऊन वेशीबाहेरच्या देवीच्या देवळाला वेढा देऊन बसला. आमची देवी काढता काय? बघतोच!

इस्माईलभाई आले ते नदीच्या वाटेनं. बघतात तर गावात चिटपाखरू नाही, चावडीपुढं सगळी लेकरं खेळतायत आणि राखणीला दोन म्हाताऱ्या. त्यांना वाटलं, अल्लानं आज ऐकलं. एकेक पोर धरून शांतपणे टोचलं, दोन्ही म्हाताऱ्यांना रामराम केला आणि आलेल्या वाटेनं परत गेले.

दोन दिवसांनी त्या गावची मंडळी कचेरीत आली, ती छाती फुगवून. सरकारचा माणूस आला असंल-नसंल, पण आम्ही देवी काढू दिली न्हाई, देवी जागेवर हाय, म्हणाले. आणि नेमका त्याच दिवशी इस्माईलभाईंचा रिपोर्ट आलेला, की त्या गावात सगळ्या मुलांची देवी काढून झाली, कुणी विरोध केला नाही. साहेबांनी दोन्ही गोष्टी ऐकल्या, कपाळाला हात लावला आणि मला विचारलं, यातलं खरं कोणतं?

"दोन्ही, हुजूर," मी म्हणालो.

संध्याकाळी पारावर वकील म्हणत होते की बघा, सरकार जिंकलं. पाटील म्हणत होते की बघा, गाव जिंकलं. खाली सुंदराबाई भागीच्या दंडावरचा टोचल्याचा वण कुरवाळत होती. ती म्हणाली, माळावर इस्माईलभाई आलते तवा मीच हिला पुढं केली, ती रडली न्हाई, मीच रडले. ते ऐकायला पारावरचं कुणी रिकामं नव्हतं.

*

एक नवरा-बायको भांडत भांडत थेट कचेरीत आले. नवऱ्याचं म्हणणं, पोराला तालुक्याला शाळेत ठेवतो. बायकोचं म्हणणं, माझं पोर परक्याच्या घरी जेवणार न्हाई. साहेबांना विषय आवडला. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि आई-बापाचं कर्तव्य, मुलाचं भवितव्य, घरातला सलोखा यावर अशी काही सुंदर उर्दू बोलले की मी क्षणभर तर्जुमा करायचंच विसरलो, मग भानावर येऊन केला.

बाईनं पदर खोचला आणि मला विचारलं, सायबाला लेकरं किती? मी सांगितलं, नाहीत. बायकू? मी सांगितलं, ती पण नाही.

"मंग ह्यो कावून सांगायलाय?" ती म्हणाली. "आदी लगीन करा म्हणावं. एक लेकरू दुखण्यातनं काडून दावा म्हणावं. मंग येतो आमी ऐकायला." आणि नवऱ्याला हाताला धरून ती चालायला लागली. नवराही हसत हसत तिच्या मागं.

साहेबांनी विचारलं, काय म्हणाली? मी म्हणालो, हुजूर, बाई तुमच्या लग्नासाठी दुआ मागते. साहेब लाजले, आणि म्हणाले, शुक्रिया कळवा.

बाई दारात थांबली होती. "काय म्हणला?"

"विचार करतो म्हणाले," मी म्हणालो.

*

आता भागीची सुनावणी. सगळे हजर. चुलता नवाकोरा फेटा बांधून आलेला, पोरीकडं बघून हसत होता आणि पोरगी सुंदराबाईच्या पाठीमागं लपत होती.

कचेरीचा पहिला सवाल ठरलेला असायचा. साहेबांनी विचारलं, "इस बच्ची का वली कौन है?" वली म्हणजे कायद्यानं सांभाळ करणारा, पालक. वली, वारस, वकील, हे शब्द आम्ही कधी बदलत नसू, कचेरीत सगळ्यांना कळायचे. मी सुंदराबाईला विचारलं, "पोरीचा वली कोण?"

पण माळावरच्या माणसाला वली एकच ठाऊक, डोंगरावरच्या दर्ग्यात निजलेला बाबा. सगळे धनगर मेंढरं वर घेऊन जाताना तिथं नारळ फोडायचे. सुंदराबाई ताठ झाली. अख्ख्या चौकशीत तिला उत्तर येत असलेला हा पहिलाच सवाल होता. "वली? डोंगरावरला बाबा हाय की!"

मी सांगितलं, हुजूर, डोंगरावरचे बाबा. साहेबांना वाटलं, असेल कुणी बडा जमीनदार. त्यांनी विचारलं, पोरीला तोच सांभाळतो का? सुंदराबाई म्हणाली, मग काय तर, तापात हिला त्याच्याच पायाशी ठेवली होती, तवापासून त्याच्याच जिवावर हाय. पोरगी तुझ्याकडं राहायला त्याची हरकत आहे का? त्यानं कदी न्हाई म्हणलं न्हाई. मग तो कचेरीत का आला नाही?

"त्यो कुटं जात न्हाई," सुंदराबाई म्हणाली. "समदे त्याच्याकडं जातेत."

हे ऐकून साहेबांचा पारा चढला. सरकारच्या कचेरीत यायला कमीपणा वाटणारा असा कोण लागून गेला? त्यांनी किसन चपराशाला हुकूम दिला, पुढच्या तारखेला वलीला हजर कर. पेशकारानं, म्हणजे साहेबांच्या कारकुनानं, माझ्याकडं बघितलं, मी आढ्याकडं बघितलं. वलीला दोन्ही भाषांत वलीच म्हणतात, माझा तर्जुमा बरोबर होता! शिवाय तारीख पडली होती, आणि तारीख पडली म्हणजे भागी तेवढे दिवस माळावर. पारावर बसून वाद घालणारे ते दोघंही या वेळी चिडीचूप होते, हे मी आवर्जून सांगतो.

किसन हुकमाचा ताबेदार. बाबा कोण हे त्याला पुरतं ठाऊक, तरी डोंगर चढून गेला. पुढच्या तारखेला एकटाच येऊन उभा राहिला.

साहेबांनी विचारलं, वली भेटले?

"भेटले, हुजूर. जागेवरच हैत. पर पडून हैत."

आजारी आहेत का? किसन म्हणाला, न्हाई. मग कधीपासून पडून आहेत?

"माझ्या आजाच्या आदीपासून."

मी तर्जुमा केला. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मला वाटलं, आता आपली नोकरी गेली, आणि तिच्याबरोबर पोरगीही गेली. साहेबांनी सुंदराबाईकडं बघितलं. मग टोपी सारखी केली आणि म्हणाले, बुजुर्गांना बोलावणं धाडलं ही आपली चूक झाली, आपणच त्यांच्याकडं जायला पाहिजे होतं.

"कचहरी वहीं लगेगी," ते म्हणाले.

*

आणि कचेरी डोंगरावर गेली. पुढं साहेबांचं घोडं, मागं पेशकार, मी, किसन, धापा टाकणारे वकील, गुडघे धरणारे पाटील, आणि सगळ्यात मागं चुलता. त्यानं पुतणीसाठी आयुष्यात पहिल्यांदा खाऊ आणला होता, बत्तासे. सुंदराबाई आणि भागी आधीच वर पोचल्या होत्या. त्यांना डोंगराचं काय!

साहेबांनी जोडे काढले, आत जाऊन माथा टेकला, आणि बाहेर चिंचेखाली जाजमावर बसले. म्हणाले, बोला. वकील बोलले, अगदी मनापासून बोलले. पोर हुशार आहे, मेंढरामागं तिचं वाटोळं होईल, सरकारनं जबाबदारी घेतलीच पाहिजे. पाटील बोलले, तेही मनापासून. आज हिला नेलं तर उद्या कुणाच्याही घरातलं लेकरू सरकार उचलेल, रक्ताच्या माणसाला द्या. खरं सांगतो, दोघांचंही पटत होतं, म्हणून तर भीती वाटत होती.

मग साहेबांनी भागीला जवळ बोलावलं आणि विचारलं, तुझे माँ-बाप कोण? मी आपल्या बोलीत विचारलं, "भागे, तुझे मायबाप कोण गं?"

पोरगी हात जोडून, मोठ्यानं म्हणाली, "सरकार!"

वकील ताडकन उठले. "ऐकलंत? पोर स्वतःच्या तोंडानं सांगतेय! सरकार!"

सुंदराबाईनं कपाळावर हात मारून घेतला. आदल्या दिवसभर तिनंच भागीला घोकून घेतलं होतं, साहेब दिसला की हात जोडायचे आणि सरकार मायबाप म्हणायचं. "म्याच शिकिवलं वो," ती मला म्हणाली, "माज्याच तोंडानं शिकिवलं." ती रडायला लागली. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा माझ्या दोन्ही भाषा आटल्या.

साहेबांनी हात वर करून वकिलांना बसवलं. सुंदराबाईकडं बोट केलं आणि पोरीला स्वतःच, मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "मग ही कोण?"

भागीनं त्यांच्याकडं असं बघितलं की एवढ्या मोठ्या माणसाला एवढंही कळू नये!

"ही? ही माय हाय की."

पाटलांनी नाक शिंकरलं. मग साहेबांनी फैसला सांगितला आणि मी त्याचा तर्जुमा केला. पोरीचा वली कोण हे चौकशीत आलेलं आहे, त्याला कुणी हरकत घेतलेली नाही. वलीच्या इजाजतीशिवाय पोरगी आहे तिथून हलणार नाही, रान तिच्याच नावावर राहील. सरकार घेऊन जाणार असेल तर सरकारनं वलीची इजाजत आणावी. चुलता नेणार असेल तर चुलत्यानं. वली इथंच आहेत.

वकिलांनी आत डोकावून बघितलं आणि जोडे घालून डोंगर उतरायला लागले. चुलता मात्र चिवट. फेटा सावरून आत गेला, बसला. आम्ही बाहेर थांबलो. बऱ्याच वेळानं बाहेर आला.

साहेबांनी विचारलं, काय फर्मावलं?

चुलता म्हणाला, "काईच बोलले न्हाईत."

"मग बसा," साहेब म्हणाले. "बोलतील तेव्हा कळवा." आणि घोड्यावर बसले.

सुंदराबाई मेंढरं घेऊन उताराला लागली होती. भागी पुढं पळत होती, गालात चुलत्याचा बत्तासा. मीही निघालो, तेवढ्यात चुलत्यानं मागून हाक मारली. तोंड अगदी बारीक झालेलं.

"दुभाषे, बाबा बोलतेत तरी कोणच्या भाषेत?"

"कोणत्याही बोलू देत," मी म्हणालो. "बोलले की मला बोलवा. तर्जुमा मी करतो."

अजून तरी बोलावणं आलेलं नाही.